ट्रॅक्टरचे दाताळे, बॉक्स ब्लेड की लँड प्लेन? घराकडे येणाऱ्या खडीच्या वाटेची डागडुजी

सस्क्वेहानाकाठ । १२ एप्रिल

सप्रेम नमस्कार. आमचे घर पेनसिल्व्हेनियाच्या मध्य भागात, सस्क्वेहाना नदीच्या खोऱ्यात आहे. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत ४०० फूट लांब आणि १० फूट रुंद अशी खडीची वाट आहे, आणि ती खासगी असल्यामुळे तिची देखभाल आमची आम्हालाच करावी लागते. आधीच्या मालकाने खाली २ए टाकली होती. आमच्या राज्यात २ए म्हणजे दोन इंची दगडापासून कचेपर्यंत (दगडाच्या भुकटीपर्यंत) सगळे एकत्र असलेली, दबून घट्ट बसणारी खडी. तिच्यावर, दिसायला चांगली म्हणून, त्याने धुतलेली पाऊण इंची २बी पसरली. तिच्यात कच जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती चाकाखाली मक्याच्या दाण्यांसारखी सरकते.

आज वाटेची तीन दुखणी आहेत. टपालपेटीपाशी सहा खड्डे आहेत, घराजवळच्या चढावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठल्या आहेत, आणि हिवाळ्यात बर्फ ढकलताना बरीच खडी दोन्ही बाजूंच्या गवतात गेली आहे.

आमच्याकडे पुढे लोडर असलेला २५ अश्वशक्तीचा कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर आहे आणि त्याची अवजारे लावायची मागची जोडणी कॅटेगरी १ ची, म्हणजे लहान मापाची, आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी एका दुकानातून सर्वांत स्वस्त असे पाच फुटी दाताळे आणले. पहिल्याच दिवशी ते एका गाडलेल्या दगडाला अडकून चार दाते वाकले. तरी वाट संध्याकाळपर्यंत इतकी सुरेख दिसू लागली की पैसे सार्थकी लागले असे वाटले. तीन आठवड्यांनी सहाच्या सहा खड्डे, नेमक्या त्याच जागी, परत आले. आता वजनदार दाताळे घ्यावे, बॉक्स ब्लेड (धारेपुढे उकरणारे रिपरचे दात असलेली पोलादी पेटी) घ्यावे, की हल्ली ज्याची पुष्कळ चर्चा ऐकतो ते लँड प्लेन घ्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे अशी विनंती आहे.


ओहायोकर । १२ एप्रिल

आपले वर्णन वाचून आमच्या वाटेची पहिली दोन वर्षे आठवली. कोणते अवजार घ्यावे यापूर्वी खड्डा परत का येतो ते पाहू, कारण त्यातच बरेचसे उत्तर आहे.

जुन्या खड्ड्याचा तळ हा दाबून घट्ट झालेल्या खडीचा आणि मातीचा वाडगा असतो. त्यात पाणी साचते, वरून चाक गेले की ते पाणी जोराने उसळते आणि तळाची कच व बारीक खडी बाहेर फेकते. दाताळ्याने आपण आजूबाजूची सैल खडी ओढून त्यात भरली, पण वाडगा जागेवरच राहिला. सैल भरावातून पाणी पुन्हा त्याच तळाशी गेले आणि काही दिवसांत चाकांनी भराव उडवून लावला. म्हणून खड्ड्याच्या तळापर्यंत, किंबहुना त्याच्याही खाली इंचभर, आजूबाजूचा सगळा थर उकरावा लागतो, तो माल एकत्र मिसळावा लागतो आणि मग पसरून दाबावा लागतो. खड्डा चार इंच खोल असेल तर पाच इंच उकरण्याची तयारी हवी. स्प्रिंगच्या पोलादाचे लवचीक दाते हे काम करू शकत नाहीत. ते दगडावर आपटले की मागे लवावेत आणि निसटावेत म्हणूनच तसे बनवलेले असतात.

दाताळ्याची खरी कामे वेगळी आहेत. सैल खडी सारखी पसरणे, कडेला गेलेली खडी मध्ये आणणे, गवताची मुळे व काटक्या वेचणे आणि शेवटचा हात फिरवणे, एवढ्या बाबतीत त्याच्या तोडीचे दुसरे अवजार नाही. एक सावधगिरी मात्र कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. दाताळे पुन्हा पुन्हा फिरवले की ते चाळणीसारखे वागते. मोठे दगड दातांपुढे गोळा होतात, कच फटींतून खाली राहते, आणि काही महिन्यांत वर नुसते गोटे उरतात. वाटेला घट्टपणा कचेमुळे येतो. आपल्याकडे आधीच वर कच नसलेली २बी आहे, त्यामुळे आपल्याला हा धोका दुप्पट आहे.

चढावरच्या लाटांचेही मूळ तेच. कच कमी, पृष्ठभाग कोरडा आणि गाड्यांचा वेग किंवा चढावर दिलेला जोर, हे तिन्ही एकत्र आले की लाटा उठतात. त्या वरवर खरवडल्या तर लवकरच परत उठतात. लाटेच्या खोलगट भागाखालपर्यंत कापावे लागते.


लालमाती । १३ एप्रिल

मी नॉर्थ कॅरोलिनाच्या लाल चिकणमातीच्या पट्ट्यात राहतो. आमच्याकडे कचेसह मिळणाऱ्या खडीला क्रशर रन म्हणतात. ओहायोकरांनी लिहिलेले सगळे पटते, त्यात फक्त वेळेविषयी भर घालतो, कारण अवजार उत्तम असूनही मी कोरड्या दिवसात काम करून संपूर्ण शनिवार वाया घालवला आहे. त्या दिवशी ब्लेड नुसते घसरत होते, मागे धुळीचा लोट होता, आणि ती धूळ म्हणजेच वाटेला धरून ठेवणारी कच होती हे मला पुढे कळले.

पाऊस पडून गेल्यावर एखाद-दोन दिवसांनी काम काढावे. कुदळीने थोडी खडी उकरून मुठीत दाबावी. गोळा टिकला आणि हाताला चिखल लागला नाही, म्हणजे ओल बरोबर आहे.


सस्क्वेहानाकाठ । १३ एप्रिल

दोघांचेही मनापासून आभार. चाळणीचा मुद्दा माझ्या अजिबात लक्षात आला नव्हता. आज सकाळी वाटेवर वाकून पाहिले, तर जिथे मी सर्वांत जास्त वेळा दाताळे फिरवले होते, तिथे वर केवळ अंड्याएवढे दगड दिसतात आणि ते बुटाच्या टोकाने सहज हलतात.

उकरण्यासाठी बॉक्स ब्लेड लागणार हे समजले. पण शेजारच्या गृहस्थांनी सांगितले की नवख्या माणसाच्या हातात बॉक्स ब्लेड दिले तर तो सपाट वाटेवर टेकड्या उभ्या करतो, आणि म्हणून त्यांनी लँड प्लेन घेतले. यामागचे कारण कोणी समजावून सांगेल का?


यंत्रशाळा । १४ एप्रिल

आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे खरे आहे आणि त्याचे कारण भूमितीत आहे. कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरच्या पुढच्या व मागच्या आसांत साधारण साडेपाच फुटांचे अंतर असते आणि मागे जोडलेल्या अवजाराची धार मागच्या आसापासून आणखी चारेक फूट मागे असते. आता लिफ्टचे लिव्हर एका उंचीवर ठेवून आपण निघालो आणि पुढची चाके तीन इंच खोल खड्ड्यात उतरली, तर मागचा आस हा तराजूच्या टेकूसारखा वागतो आणि मागची धार सव्वादोन इंच वर उचलली जाते. पुढची चाके खड्ड्यातून वर आली की धार पुन्हा खाली बसते. म्हणजे जिथे कापायला नको तिथे कापले जाते आणि जिथे कापायचे तिथे धार हवेत राहते. त्यातून नवी लाट तयार होते, पुढच्या फेरीत ट्रॅक्टर त्या लाटेवर डोलतो आणि ती आणखी मोठी होते. अनुभवी चालक हात सतत लिव्हरवर ठेवून हा फरक भरून काढतो, पण त्याला बरेच तास सराव लागतो.

लँड प्लेनमध्ये चार-पाच फूट लांबीच्या दोन पट्ट्या जमिनीवर घसरत जातात आणि त्यांच्या मध्ये, एकामागे एक, दोन ब्लेड बसवलेली असतात. लिफ्ट पूर्ण खाली सोडलेली असते, त्यामुळे उंची ट्रॅक्टरच्या डोलण्यावरून न ठरता त्या लांब पट्ट्यांवरून ठरते. पुढचे ब्लेड उंचवटा कापते आणि तो माल ब्लेडांवरून वाहत मागच्या खोलगट जागी पडतो. दोष दोन आहेत. हे अवजार वजनाशिवाय चालत नाही, त्यामुळे जड आणि महाग असते. शिवाय जिथे वाट दगडासारखी घट्ट झाली आहे तिथे त्यालाही आधी रिपरने उकरून द्यावे लागते.

बॉक्स ब्लेडविषयी एवढे लक्षात ठेवावे की टॉप लिंक (जोडणीचा वरचा, आटे फिरवून लांबी बदलता येणारा दांडा) आखूड केली की पेटीचा पुढचा भाग खाली झुकतो, रिपरचे दात व पुढची धार जास्त बोचते, आणि ती लांब केली की मागची धार टेकून नुसते सपाट होत जाते. बहुतेक नवखे लोक टॉप लिंक एकदाच कशीबशी लावतात आणि पुन्हा तिला हात लावत नाहीत. उकरताना आखूड, पसरताना लांब, आणि एका वेळी दोन-तीन आट्यांहून अधिक फिरवू नये.

दाताळे घ्यायचे झाल्यास रुंदीचा हिशेब असा करावा. सरळ ओढताना सहा फुटी दाताळे सहा फूट व्यापते, पण ३० अंशांनी तिरपे केले की ते फक्त ५.२ फूट व्यापते आणि पाच फुटी दाताळे ४.३ फूट. तिरपे केल्यावरही आपल्या मागच्या चाकांचे ठसे त्याने पुसले पाहिजेत, नाहीतर प्रत्येक फेरीत एका बाजूला चाकाची खाच उरते. दाताळ्याला ताकद फारशी लागत नाही, त्यामुळे २५ अश्वशक्तीला सहा फुटी चालते. बॉक्स ब्लेड आणि लँड प्लेन मात्र पाच फुटीच घ्यावे.

दुकानात गेल्यावर आधी मधला सांगाडा पाहावा. दाते एकेका बोल्टवर बसलेले आणि सुटे मिळणारे असावेत. कोन बदलण्याच्या भोकांत पिन घातल्यावर आडवी दांडी हाताने हलवून पाहावी, कारण तिथे आज अर्धा इंच ढिलाई असेल तर टोकाला ती कितीतरी वाढते. मागे उंची ठरवणारी दोन चाके असतील तर त्यांचे वेगळे पैसे अवश्य द्यावेत. वर सांगितलेले डोलणे त्यांनी बरेच आटोक्यात येते. आपल्या सध्याच्या दाताळ्याचे चार दाते बदलले तर ते सैल खडीच्या कामासाठी पुरेल, नवे घेण्याची घाई नको.


कोयनाकाठ । १५ एप्रिल

मी सातारा जिल्ह्यातून लिहीत आहे. आपली चर्चा अमेरिकेतील वाटेची असली तरी जोडणी एकच असल्यामुळे मला ती आपलीच वाटली. हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ मध्ये या तीन बिंदूंच्या जोडणीचे पेटंट घेतले आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरमधून ती घरोघर पोहोचली. आज आमच्या कल्टिव्हेटरपासून आपल्या दाताळ्यापर्यंत सगळे त्याच तीन पिनांवर चालते. आमच्याकडच्या मोठ्या ट्रॅक्टरना बहुधा कॅटेगरी २ असते, तिच्या खालच्या पिना २८ मिलिमीटरच्या आणि आपल्या २२ मिलिमीटरच्या, असा फरक.

आमच्या शेताकडे जाणारी पाणंद काळ्या मातीतून जाते. तिच्यावर मुरूम टाकून आम्ही टेरेसर ब्लेडने, म्हणजे ज्याला सगळे मागची फळी म्हणतात तिने, सपाट करतो. घट्ट झालेला मुरूम फळीला दाद देत नाही. अशा वेळी आधी कल्टिव्हेटरचे निम्मे फण काढून दोन फेऱ्या मारतो आणि मग फळी लावतो. आपल्याकडे रिपरचे दात जे करतात तेच हे काम.

मी एकदा गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून दाताळेही बनवून घेतले होते. साध्या सळईचे दाते एका दिवसात सरळ झाले. दुसऱ्यांदा ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांचे दाते केले, पण ते तापवून वाकवले होते आणि नंतर त्यांना पुन्हा पाणी दिले नव्हते, त्यामुळे तेही वाकले. तेव्हा आपले चार दाते बदलताना मूळ स्प्रिंगच्या पोलादाचेच आणावेत, वाकलेले दाते तापवून सरळ करण्याच्या फंदात पडू नये.

पावसाळ्याने आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली आहे. पाणी बाजूला काढून दिले नाही तर मुरूम, खडी, मेहनत सगळे ओढ्याला मिळते. आमच्याकडे आधी चर खणतात, मग वाट करतात.


ओहायोकर । १५ एप्रिल

कोयनाकाठ यांनी मर्मावर बोट ठेवले. पेन स्टेट विद्यापीठात माती आणि खडीच्या रस्त्यांचा अभ्यास करणारे एक स्वतंत्र केंद्र आहे, आणि पेनसिल्व्हेनियात १९९७ पासून अशा सार्वजनिक रस्त्यांसाठी सरकारी कार्यक्रमही चालतो. त्यांचा पैसा खासगी वाटेला मिळत नाही, पण त्यांची शिकवण आपल्या वाटेला जशीच्या तशी लागू पडते, आणि तिच्यात पहिले स्थान पाण्याला आहे.

वाट मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरती हवी. खडीच्या रस्त्याला हा उतार निदान ४ टक्के, म्हणजे फुटाला अर्धा इंच ठेवतात. आपली वाट १० फूट रुंद आहे, तेव्हा मध्य कडांपेक्षा अडीच इंच उंच हवा. डांबरी रस्त्याच्या दोन टक्क्यांची सवय झालेल्या डोळ्याला हे फार वाटते, पण खडीवर त्याहून कमी उतार ठेवला की पाणी रेंगाळते. पाच फुटी सरळ फळी, पाणसळ आणि अडीच इंचाचा लाकडी ठोकळा घ्यावा. ठोकळा कडेच्या टोकाखाली ठेवून पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आला, म्हणजे उतार साधला. हा खटाटोप दर वीस-पंचवीस फुटांवर करावा.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. प्रथम, उकरण्याच्या काही दिवस आधी ८११ या क्रमांकावर फोन करून जमिनीखालच्या वीज, वायू आणि इंटरनेटच्या तारांच्या खुणा करून घ्याव्यात. ही सेवा मोफत आहे आणि घराकडे जाणाऱ्या तारा बहुधा वाटेच्या कडेनेच गेलेल्या असतात. आपल्या मालकीच्या खासगी तारा, उदाहरणार्थ गोठ्याकडे नेलेली वीज, त्या खुणांत येत नाहीत, त्या आपण आठवून शोधाव्या लागतात. मग दोन्ही कडांना वाढलेला गवताचा बांध कापावा, कारण वाटेवरचे पाणी अडवून तिलाच ओहोळ बनवणारा तोच असतो. त्यानंतर रिपरचे दात खाली करून, पहिल्या फेरीत दोन इंच आणि पुढच्या फेऱ्यांत आणखी, असे खड्ड्याच्या तळाखाली जाईपर्यंत उकरावे. आपली वरची २बी फेकून देऊ नये. खालच्या जुन्या २एमध्ये ती मिसळली की तिला हवी असलेली कच मिळते.

उकरलेला माल तिरप्या ब्लेडने किंवा तिरप्या दाताळ्याने दोन्ही कडांकडून मध्याकडे आणावा. मध्ये एक लांबलचक वरंबा तयार होईल. तो वरंबा म्हणजेच आपला पुढचा उंचवटा. दाताळे उलटे फिरवून, दातांची पाठ जमिनीवर टेकवून, त्याच्यावरून हळू गेले की तो चापून पसरतो. वेग माणूस भराभर चालतो तेवढाच, ताशी तीन-चार मैल. त्याहून जास्त झाला की अवजार उड्या मारते आणि आपणच लाटा पेरतो.

नवी खडी लागणारच. ४०० फूट गुणिले १० फूट, दोन इंचांचा थर म्हणजे सुमारे २५ घनयार्ड, वजनाने साधारण ३५ टन. दबण्याचा हिशेब धरून आपल्या भागातील तीन आसांच्या डंपरने दोन खेपा. मागवताना २एच मागवावी. शेवटी कंपनाचा रोलर दिवसभरासाठी भाड्याने आणावा, ट्रॅक्टरची चाके फिरवून तेवढा दाब येत नाही.


हिमवाट । १६ एप्रिल

मी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील भागात राहतो, त्यामुळे गवतात गेलेल्या खडीविषयी अधिकाराने बोलू शकतो. जमिनीतील गोठण पूर्ण उतरेपर्यंत वाटेवर ट्रॅक्टर नेऊ नये. वरचे चार इंच वितळलेले आणि खाली बर्फ असेल तर पाण्याला खाली वाट नसते आणि चाके चिखलात खडी पुरतात.

गवत वाढायला लागण्यापूर्वी आणि जमीन टणक झाल्यावर, दाताळे २०-३० अंशांनी तिरपे करून, चाकांवर उंची अशी ठेवावी की दाते गवताच्या बुडख्यांना फक्त स्पर्श करतील. ट्रॅक्टर वाटेवरच ठेवून एक टोक गवतावर जाऊ द्यावे. खडी दातांवरून घरंगळत वाटेकडे येते, तिचा आवाज समुद्रकिनाऱ्यावर लाट मागे सरताना गोट्यांचा येतो तसा असतो. आवाज थांबून नुसती माती खरवडल्याचा आवाज येऊ लागला की दाते अर्धा इंच वर घ्यावेत. या एका कामासाठी दाताळ्याला पर्याय नाही.

पुढच्या हिवाळ्यात जमीन गोठण्यापूर्वीच्या पहिल्या बर्फात, बर्फ ढकलायच्या फावड्याखालच्या पट्ट्या अशा लावाव्यात की फावडे जमिनीपासून इंचभर उंच राहील.


लालमाती । १६ एप्रिल

एक राहून गेले. चढावर काम करताना चालकाच्या डोक्यावरची संरक्षक चौकट उभी असावी आणि पट्टा बांधलेला असावा. फांद्या लागतात म्हणून चौकट दुमडून ठेवलेले कितीतरी ट्रॅक्टर मी पाहतो आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. उतरण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे.


सस्क्वेहानाकाठ । ६ जून

काम कसे झाले ते सविस्तर लिहितो. सगळ्यांच्या सल्ल्याचा विचार करून मी या वर्षी नवे अवजार विकत घेतलेच नाही. पाच फुटी बॉक्स ब्लेड दोन दिवस भाड्याने आणले, जुन्या दाताळ्याचे चार दाते ३० मिनिटांत बदलले आणि उरलेले पैसे खडी व रोलरवर घातले. दरवर्षीच्या हलक्या देखभालीसाठी पुढच्या वर्षी लँड प्लेन घ्यावे असे आता वाटते.

८११ च्या खुणा झाल्यावर कळले की इंटरनेटची तार टपालपेटीपासून वाट ओलांडून तिरकी गेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना मी रिपर न लावता कुदळीनेच उकरले. बॉक्स ब्लेडच्या पहिल्या चार फेऱ्यांत यंत्रशाळा यांनी सांगितलेले डोलणे प्रत्यक्ष अनुभवले आणि एक टेकडीही उभी केली. टॉप लिंक तीन आटे लांब केल्यावर ती उतरली. टपालपेटीपाशी रिपर चौथ्या फेरीत खड्ड्यांच्या तळाखाली गेला, तेव्हा राखाडी, ओला, पाटीसारखा घट्ट थर ढेकळांनी उलथून वर आला. इतकी वर्षे पाणी कशावर उभे राहत होते ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

२एच्या दोन खेपा पडल्या. ठोकळा आणि पाणसळ घेऊन वाट १९ ठिकाणी मोजली, तीन ठिकाणी उंचवटा इंचभर कमी भरला, तिथे दाताळे तिरपे करून पुन्हा माल मध्ये ओढला. गवतातून परत आलेल्या खडीने लोडरच्या सहा बादल्या भरल्या.

त्यानंतर तीन मोठे पाऊस झाले. परवा रात्रीच्या पावसानंतर सकाळी छत्री घेऊन चालत गेलो. टपालपेटीपाशी पाणी नव्हते, चढावर लाटा नाहीत. फक्त मेपलच्या झाडाखाली, जिथे वरच्या उतारावरचे पाणी वाटेला येऊन मिळते, तिथे कडेने हाताच्या पंजाएवढी घळ पडली आहे. तिथे वाटेखालून पाइपाची मोरी घालावी लागेल असे दिसते. किती इंची पाइप घ्यावा आणि तो वाटेला काटकोनात ठेवावा की तिरका, हे जाणकारांनी सांगावे. जागेची मापे उद्या इथेच देतो.